जिम व्हॅल्वानो : जिंकलेला सामना आणि उरलेले ऋण

मृत व्यक्तीविषयी चांगलेच बोलावे, असा आपल्या समाजात प्रघात आहे. दफनभूमीत मूठभर माती टाकताना आपण मृताचे गुण आठवतो आणि दोषांविषयी मौन पाळतो. हा प्रघात सौजन्याचा आहे; शोकाकुल कुटुंबाच्या दृष्टीने तो योग्यही आहे. परंतु एखादी व्यक्ती जाऊन तीन दशके उलटली, तिच्या नावाने संस्था उभी राहिली, तिच्यावर माहितीपट निघाला आणि तरीही आपण तिच्या आयुष्याची एकच बाजू सांगत राहिलो, तर त्याला सौजन्य म्हणता येत नाही. कारण त्या व्यक्तीच्या चुकांची किंमत ज्या इतरांनी मोजली, त्यांचे मग विस्मरण होते.

अमेरिकेतील बास्केटबॉल प्रशिक्षक जिम व्हॅल्वानो यांचे आयुष्य या दृष्टीने मनन करण्याजोगे आहे. बास्केटबॉल हा खेळ आपल्याला परका नाही. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीए संस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तो शोधून काढला आणि आज आपल्याकडील अनेक मिशनरी शाळांच्या आवारातही तो खेळला जातो. अमेरिकेत मात्र या खेळाचे खरे वेड विद्यापीठांच्या संघांभोवती आहे. तेथे विद्यापीठाचा प्रशिक्षक कुलगुरूंपेक्षा अधिक प्रसिद्ध असतो आणि बहुधा अधिक पगारही घेतो. व्हॅल्वानो यांच्या काळात खेळाडूंना वेतन नव्हते. त्यांना शिष्यवृत्ती मिळे. म्हणजेच शिक्षण हाच त्यांच्या श्रमाचा मोबदला होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व प्रश्न तिच्यातूनच उद्भवतात.

प्रशिक्षकाच्या घरात जन्म

जेम्स थॉमस अँथनी व्हॅल्वानो यांचा जन्म १० मार्च १९४६ रोजी न्यू यॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात एका इटालियन-अमेरिकन कुटुंबात झाला. रॉको आणि अँजेलिना यांच्या तीन मुलांपैकी ते मधले. वडील शाळेत बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते. घरात खेळाची चर्चा, गप्पा आणि हास्यविनोद यांना वाण नव्हती. विनोदाची ही देणगी जिम यांना आयुष्यभर पुरली.

रटगर्स विद्यापीठात शिकत असताना ते तेथील संघातून खेळले. १९६७ साली त्या संघाने न्यू यॉर्क येथील नावाजलेल्या एनआयटी स्पर्धेत तिसरे स्थान मिळवले. त्याच वर्षी व्हॅल्वानो इंग्रजी विषयाचे पदवीधर झाले. साहित्याचा अभ्यास केलेला हा तरुण प्रशिक्षक बोलू लागला की सभागृह त्याच्या मुठीत येई.

पुढे जॉन्स हॉपकिन्स, कनेक्टिकट आणि बकनेल या विद्यापीठांत उमेदवारी करून १९७५ साली ते न्यू रोशेल येथील आयोना महाविद्यालयात आले. हे कॅथलिक महाविद्यालय धन्यवादित एडमंड राइस यांच्या ख्रिश्चन ब्रदर्स संघाने १९४० साली स्थापन केले. याच संघाच्या शाळा भारतातही कोलकाता, दिल्ली आदी ठिकाणी आहेत. आयोनाचा संघ तेव्हा फारसा परिचित नव्हता. व्हॅल्वानो यांनी पाच वर्षांत त्याला राष्ट्रीय स्पर्धेत नेले. १९८० च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या प्रसिद्ध क्रीडागृहात आयोनाने लुईव्हिलच्या बलाढ्य संघाला १७ गुणांनी हरवले. पुढच्याच महिन्यात राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारा संघ तो हाच.

मार्च १९८० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने त्यांना रॅली शहरात बोलावले. त्याच महिन्यात जवळच्या डरहॅम शहरातील ड्यूक विद्यापीठाने माइक शिशेफ्स्की या पोलिश वंशाच्या कॅथलिक प्रशिक्षकाची नेमणूक केली. दोघे जवळपास एकाच वयाचे आणि मैदानावर एकमेकांचे कडवे प्रतिस्पर्धी. या दोघांच्या नात्याचा शेवट एका रुग्णालयातील खाटेपाशी होणार होता.

अल्बुकर्कीची रात्र

राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकण्याचा ध्यास व्हॅल्वानो यांनी तरुणपणीच घेतला होता. त्यासंबंधीचा एक प्रसंग ते आपल्या भाषणांतून सांगत. आपण एक दिवस अजिंक्यपद मिळवणार, असे त्यांनी वडिलांना सांगितले. पुढे केव्हातरी वडिलांनी त्यांना खोलीत नेऊन कोपऱ्यात भरून ठेवलेली बॅग दाखवली. तो सामना पाहायला जाण्यासाठी त्यांची तयारी आधीच झाली होती. वडिलांनी आपल्यावर ठेवलेला विश्वास हीच आपल्याला मिळालेली सर्वांत मोठी देणगी, असे व्हॅल्वानो मानत. खेळाडूंनाही त्यांनी तोच विश्वास दिला. विजयानंतर बास्केटची जाळी कात्रीने कापून घेण्याची तेथे प्रथा आहे. व्हॅल्वानो दरवर्षी सरावाचा एक दिवस चेंडूविना घेत आणि त्या दिवशी फक्त जाळी कापण्याचा सराव करवीत.

१९८३ साली त्या सरावाचे चीज झाले. त्या हंगामात संघाचा प्रमुख नेमबाज डेरेक व्हिटनबर्ग याच्या पायाचे हाड मोडले आणि संघ दहा सामने हरला. प्रादेशिक स्पर्धा जिंकल्याखेरीज राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडणे कठीण होते. व्हिटनबर्ग परतला आणि संघाने ती स्पर्धा जिंकली. मायकल जॉर्डन याचा नॉर्थ कॅरोलायना आणि राल्फ सॅम्पसन याचा व्हर्जिनिया हे दोन्ही संघ त्यांनी पाठोपाठ हरवले. राष्ट्रीय स्पर्धेतील पहिला सामना दोनदा वाढवून दिलेल्या वेळेनंतर हातात आला. पुढे दोन सामने तर केवळ एकेका गुणाने जिंकले गेले.

अंतिम सामना ४ एप्रिल १९८३ रोजी न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की येथे झाला. समोर ह्यूस्टनचा संघ होता. हकीम ओलाजुवान आणि क्लाइड ड्रेक्सलर यांसारखे पुढे जगप्रसिद्ध झालेले खेळाडू त्यात होते आणि तो संघ सलग २६ सामने जिंकून आला होता. व्हॅल्वानो यांच्या संघाला कोणी संधीच देत नव्हते. शेवटच्या मिनिटांत त्यांनी खेळाडूंना मुद्दाम फाउल करण्याची सूचना दिली. ह्यूस्टनचे खेळाडू दडपणाखाली फ्री थ्रो चुकवतील, असा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. गुण ५२–५२ असे समान असताना व्हिटनबर्गने दुरून मारलेला चेंडू बास्केटपर्यंत पोहोचला नाही. तो हवेतच लॉरेन्झो चार्ल्स याने झेलला आणि वेळ संपता संपता बास्केटमध्ये कोंबला. ५४–५२ असा विजय झाला. त्या क्षणी व्हॅल्वानो कोणाला तरी मिठी मारण्यासाठी मैदानावर सैरावैरा धावत सुटले. ते दृश्य अमेरिकन क्रीडाविश्वाच्या स्मृतीत कायमचे कोरले गेले.

चौकशीचे दिवस

विजयानंतर कीर्ती आली आणि कीर्तीमागून पैसा आला. बुटांच्या कंपनीशी करार, रेडिओ व दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम, ठिकठिकाणची व्याख्याने, स्वतःचे व्यवसाय अशा अनेक गोष्टींत व्हॅल्वानो गुंतत गेले. १९८६ पासून त्यांनी प्रशिक्षकपदासोबत विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाचे पदही सांभाळले. संघ जिंकत होता. १९८७ मध्ये त्याने पुन्हा प्रादेशिक स्पर्धा जिंकली. वर्गातील चित्र मात्र निराळे होते.

गुणवान खेळाडू मिळावेत म्हणून अभ्यासात अतिशय मागे असलेल्या मुलांनाही प्रवेश दिला जात होता. एका उंचपुऱ्या, कमालीच्या गुणी खेळाडूला प्रवेश परीक्षेत १६०० पैकी केवळ ४७० गुण होते, ही गोष्ट पुढे न्यायालयातील एका प्रकरणात उघड झाली. १९८६ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय नियमानुसार नवोदित खेळाडूला किमान ७०० गुण आवश्यक ठरले, यावरून ४७० चा अर्थ कळून येईल. हा युवक दोनच वर्षांत विद्यापीठ सोडून व्यावसायिक खेळात गेला आणि १९८९ मध्ये अमली पदार्थांमुळे तेथूनही बाहेर फेकला गेला. त्याच्या आयुष्यातील प्रत्येक चुकीला त्याचा प्रशिक्षक जबाबदार आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु जो मुलगा पाठ्यपुस्तक धड वाचू शकेल की नाही याचीच शंका होती, त्याला विद्यापीठात आणणाऱ्यांनी त्याच्या शिक्षणाची काय व्यवस्था केली, हा प्रश्न विचारावाच लागतो.

१९८९ च्या प्रारंभी एका आगामी पुस्तकाच्या वेष्टनावरील मजकूर वृत्तपत्रांत आला आणि खळबळ माजली. व्हॅल्वानो यांच्या संघात गुणपत्रिकांची फेरफार होते व इतर अनेक गैरप्रकार चालतात, असे त्या पुस्तकाचे म्हणणे होते. पहिल्या प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. दुसऱ्याने ते त्याच वर्षी छापले. त्यातील पुष्कळ आरोप सिद्ध झाले नाहीत, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. तथापि चौकश्या सुरू झाल्या. खेळाडूंनी आपल्याला मिळालेले बूट आणि सामन्यांची मोफत तिकिटे विकल्याचे राष्ट्रीय क्रीडा संघटनेला आढळले. तिने संघाला दोन वर्षे देखरेखीखाली ठेवले आणि १९९० च्या राष्ट्रीय स्पर्धेतून वगळले.

राज्याच्या विद्यापीठ व्यवस्थेने नेमलेल्या आयोगाचा निष्कर्ष अधिक बोचरा होता. व्हॅल्वानो यांनी पात्रतेचे नियम अक्षरशः मोडल्याचे आयोगाला आढळले नाही. परंतु खेळाडू मैदानावर उतरण्यास पात्र राहावेत एवढ्यासाठीच अभ्यासक्रमाची व्यवस्था वाकवली गेली आणि नियमांमागील हेतू पायदळी तुडवला गेला, असा ठपका आयोगाने ठेवला. सोपे विषय, सवलती, पुढे ढकललेले निर्णय यांच्या आधारे मुले हंगामामागून हंगाम खेळत राहिली आणि पात्रतेची वर्षे संपल्यावर त्यांच्यापैकी अनेकांना पदवीविनाच बाहेर पडावे लागले.

कुलगुरूंना पद सोडावे लागले. ऑक्टोबर १९८९ मध्ये व्हॅल्वानो क्रीडा संचालकपदावरून पायउतार झाले. १९९० मध्ये काही खेळाडूंनी पैसे घेऊन सामन्यांतील गुणांचा फरक मुद्दाम कमी ठेवल्याची बातमी दूरचित्रवाणीवर आली. व्हॅल्वानो यांना त्याची कल्पना होती, असे कधीही सिद्ध झाले नाही. परंतु विद्यापीठाचा संयम संपला होता. एप्रिल १९९० मध्ये तडजोड होऊन त्यांनी प्रशिक्षकपद सोडले. दहा वर्षांत २०९ विजय आणि ११४ पराभव, एवढा हिशेब मागे राहिला.

अखेरचे दहा महिने

त्यानंतर ते दूरचित्रवाणीवर समालोचन करू लागले आणि तेथेही लोकप्रिय झाले. जून १९९२ मध्ये त्यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. रोग हाडांपर्यंत पसरला होता. वय अवघे ४६ वर्षांचे होते.

आजाराने त्यांना अंतर्मुख केले. विजयाच्या मागे धावताना पत्नी पॅम आणि तीन मुली यांना आपण वेळ दिला नाही, एकाच वेळी फार गोष्टींचा हव्यास धरला, अशी खंत त्यांनी आजारपणातील मुलाखतींतून प्रांजळपणे व्यक्त केली. २१ फेब्रुवारी १९९३ रोजी विजयाच्या दशकपूर्तीनिमित्त १९८३ चा संघ रॅली येथील जुन्या क्रीडागृहात एकत्र आला. ज्या विद्यापीठाने तीन वर्षांपूर्वी त्यांना निरोप दिला होता, त्याच विद्यापीठाच्या प्रेक्षकांनी त्यांचे उभे राहून स्वागत केले.

४ मार्च १९९३ रोजी न्यू यॉर्क येथे त्यांना टेनिसपटू आर्थर अ‍ॅश यांच्या नावाचा धैर्य पुरस्कार देण्यात आला. ते या पुरस्काराचे पहिले मानकरी होते. त्यांना चालणेही कठीण झाले होते. व्यासपीठावर चढताना त्यांना आधार देणाऱ्यांमध्ये शिशेफ्स्की होते. वेळ संपत आल्याची सूचना पडद्यावर झळकली, तेव्हा तिची त्यांनी थट्टा केली आणि सुमारे अकरा मिनिटे ते बोलत राहिले. माणसाने दररोज हसावे, काही काळ चिंतनात घालवावा आणि मन हेलावून डोळे पाणावू द्यावेत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कर्करोगाच्या संशोधनासाठी आपल्या नावे संस्था काढण्यात येत असल्याचे त्यांनी त्याच रात्री जाहीर केले. तिचा लाभ आपल्याला होणार नाही, पण आपल्या मुलांच्या पिढीला होईल, हे ते जाणून होते.

त्यांच्यावर ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात उपचार चालू होते. जुना प्रतिस्पर्धी शिशेफ्स्की त्यांच्या उशाशी येऊन बसे. मैदानावरील वैराचे रूपांतर अशा रीतीने बंधुत्वात झाले. २८ एप्रिल १९९३ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, जिम व्हॅल्वानो यांनी शेवटचा श्वास घेतला. रॅली येथील ओकवुड दफनभूमीत त्यांचे शरीर विसावले आहे.

त्यांच्या संस्थेने आजवर ३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम संशोधनासाठी दिली आहे. पुढे त्यांच्या एका मुलीला कर्करोग झाला आणि ती त्यातून बरी झाली. २०१८ साली जुन्या क्रीडागृहातील मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये बास्केटबॉलच्या राष्ट्रीय सन्मान दालनात त्यांचा मरणोत्तर समावेश झाला. तोही प्रशिक्षक म्हणून नव्हे, तर खेळासाठी योगदान देणारी व्यक्ती म्हणून.

वारशाचा हिशेब

ईएसपीएन वाहिनीने आपल्या ‘थर्टी फॉर थर्टी’ या मालिकेत १७ मार्च २०१३ रोजी जोनाथन हॉक दिग्दर्शित ‘सर्व्हाइव्ह अँड अ‍ॅडव्हान्स’ हा माहितीपट दाखवला. १९८३ च्या संघातील खेळाडू तीस वर्षांनी एका टेबलाभोवती बसून आठवणी सांगतात, अशी त्याची रचना आहे. लॉरेन्झो चार्ल्स त्यांच्यात नाही. २०११ साली रॅली येथे बस चालवत असताना झालेल्या अपघातात त्याचा मृत्यू झाला होता. माहितीपट हृदयस्पर्शी आहे. त्या खेळाडूंच्या डोळ्यांतील प्रेम खोटे नाही. मात्र चौकशीचा भाग त्यात थोडक्यात उरकतो आणि कॅमेरा पुन्हा विजयाकडे व मृत्युशय्येकडे वळतो.

त्याच मालिकेत २०१८ साली इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉब नाइट यांच्यावर निघालेला माहितीपट नेमका उलट दिशेने गेला. त्यात नाइट यांचा संताप आणि खेळाडूंना दिलेली कठोर वागणूक यांचीच कसून तपासणी आहे. गंमत अशी की, या तापट माणसाचे बहुतेक खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडत. तर सर्वांना हसवणाऱ्या, मायाळू व्हॅल्वानो यांचे अनेक खेळाडू पदवीविना राहिले. पडद्यावर जे मोहक दिसते ते आणि विद्यार्थ्याच्या हाती शेवटी जे पडते ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग व्हॅल्वानो यांच्याविषयी आपण काय म्हणावे? येथे जक्कयाची कथा मार्गदर्शक ठरते. प्रभू येशू घरी आला तेव्हा त्या जकातदाराने दोन निश्चय केले, हे आपल्या सहज लक्षात येत नाही. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देण्याचा पहिला निश्चय. ते दान होते. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचा दुसरा. ती भरपाई होती. दानाने भरपाई होत नाही, हे त्या ठेंगण्या माणसाला बरोबर उमगले होते. व्हॅल्वानो यांनी मरणाच्या दारात उभे राहून जे दान दिले ते विलक्षण आहे. असंख्य अनोळखी रुग्णांना त्याचा लाभ झाला असेल. परंतु ज्या मुलांनी त्यांच्यासाठी घाम गाळला आणि ज्यांना त्या घामाचा एकमेव मोबदला, म्हणजे शिक्षण, मिळाले नाही, त्यांचे देणे निराळे होते. ते फेडण्यास त्यांना आयुष्य पुरले नाही. ते देणे केवळ त्यांचे नव्हते. तिकिटे विकणाऱ्या विद्यापीठाचे आणि टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांचेही होते. २०२४ साली १९८३ च्या संघातील दहा खेळाडूंनी त्या विजयाच्या चित्रफितींतून झालेल्या कमाईचा वाटा मागण्यासाठी न्यायालयात धाव घेतली, तेव्हा हाच जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आला.

हे लिहिण्यामागे कोणाची प्रतिमा डागाळण्याचा हेतू नाही. ख्रिस्तसभा मृतांसाठी प्रार्थना करते ती ते निर्दोष होते म्हणून नव्हे. ते आपल्यासारखेच होते, काही देणी मागे ठेवून गेले आणि परमेश्वराची दया त्या देण्यांहून मोठी आहे, असा आपला विश्वास आहे म्हणून ती प्रार्थना करते. ज्याच्यात दोष नाही त्याच्यासाठी मृतांची मिस्सा अर्पण करण्याचे कारणच उरत नाही. दोष नाकारले तर दयेलाही जागा राहत नाही.

आपल्या धर्मग्रामांतही शिक्षक, प्रशिक्षक, धर्मशिक्षण देणारे आणि युवकांचे नेते आहेत. स्पर्धेत चषक मिळवून देणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो, त्याचा फोटो सूचना फलकावर लावतो. त्याच मुलाचा गणिताचा पेपर कसा गेला, घरी अभ्यासाला जागा आहे की नाही, दहावीनंतर तो काय करणार आहे, याचीही विचारपूस होते का? मैदानावर मुलाच्या पायांची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी त्याच्या भवितव्याची घेतली जावी. पालकांनीही प्रशिक्षकाला सामन्याच्या निकालाबरोबर हा प्रश्न विचारावा.

जिम व्हॅल्वानो यांच्या आत्म्यास परमेश्वर चिरशांती देवो. आणि त्यांच्या हाताखाली खेळून रिकाम्या हाती परतलेल्या त्या मुलांना, जी आता वयाची साठी गाठत आहेत, त्यांनाही आपल्या प्रार्थनेत स्थान असो.